330 नंबरचं कपाट : सांगली जिल्ह्यातल्या ग्रंथनिवड समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवड समित्यांचे सर्व सन्माननीय सभासद,

स. न. वि. वि.

मार्च तोंडावर आला आहे. अनुदानाचा हप्ता कधी पडतो याची वाट बघायची, दुकानदारांकडून याद्या मागवायच्या, कोण किती टक्के सूट देतो ते ताडायचं आणि 31 तारखेच्या आत बिलं लावून मोकळं व्हायचं, हे तुमचं दरसालचं रामायण मला ठाऊक आहे. मी मार्केट यार्डात एका आडत पेढीवर दिवाणजी आहे. मार्चअखेर आमच्याकडेही अशीच जाते. म्हणून घाई सुरू व्हायच्या आत लिहितो. मागणं एकच. यंदाच्या खरेदीत पैसा, अर्थकारण, राजकारण आणि समाज यांवरच्या पुस्तकांसाठी मुद्दाम रक्कम बाजूला काढा, आणि ‘श्रीमंत कसं व्हावं’ छापाची पुस्तकं त्या रकमेत धरू नका.

पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात अर्थशास्त्राचा आकडा 330, राज्यशास्त्राचा 320. कुठल्याही वाचनालयात गेलो की मी आधी हे कपाट शोधतो. बहुतेक ठिकाणी त्यात चार प्रकारचा माल असतो. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, त्यांतली निम्मी पानं कुणीतरी फाडून नेलेली. शेअर बाजारात झटपट पैसा कमावण्याची पुस्तकं, मुखपृष्ठावर बाण वर जाणारा. बी.ए.च्या जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं, ज्यांत पंचवार्षिक योजना अजून चालूच आहेत. आणि पुढाऱ्यांचे गौरवग्रंथ : षष्ट्यब्दीचे, पंचाहत्तरीचे, सहस्रचंद्रदर्शनाचे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, वजनाला भरपूर आणि बहुधा फुकट आलेले. ते जरूर ठेवा. पुढेमागे एखाद्या अभ्यासकाला कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, हे त्यांतूनच कळायचं आहे. फक्त त्यांना राजकारणावरची पुस्तकं म्हणू नका.

श्रीमंत होण्याच्या पुस्तकांवर माझा राग नाही. बारा-पंधरा हजारांवर राबणारं पोरगं ती हातात घेतं, कारण पैशाबद्दल त्याच्याशी दुसरं कुणी धड बोलतच नाही. खर्च लिहून ठेव, कर्ज काढून मोटारसायकल घेऊ नकोस, लवकर बचत कर, हे त्यांतलं सांगणं खोटंही नाही. अडचण अशी की त्या पुस्तकांत माणूस एकटा असतो. तो, त्याचा पगार आणि त्याच्या सवयी. आपल्या जिल्ह्यात कुणाचा पैसा असा एकटा आहे? उसाचा पैसा कारखान्यातून येतो, कर्ज सोसायटीतून, पाणी ताकारी-म्हैसाळ-टेंभू या उपसा योजनांच्या पंपांतून. बेदाण्याचा भाव तासगावच्या सौद्यात फुटतो आणि त्यामागे परदेशातली मागणी असते. विट्याकडचा गलाईवाला पार परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळतो, आणि सोन्यावरचं आयात शुल्क दिल्लीत ठरतं. इतक्या हातांतून फिरून आलेल्या पैशाचा हिशोब एकट्याच्या सवयींनी लागत नाही.

उसाचंच घ्या. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. ती 2009 साली आली, त्याआधी एसएमपी नावाचा किमान दर होता. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे 355 रुपये ठरवले. उतारा त्याच्यावर गेला की दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. आंदोलनात घोषणा सगळे देतात. पण उतारा कसा मोजतात, तोडणी-वाहतूक कुठे वजा होते, रंगराजन समितीने 2012 साली साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला किती वाटा शेतकऱ्याला द्या म्हटलं होतं, हे चहाच्या टपरीवर विचारलं की उत्तरं गटागटाप्रमाणे येतात. तो आदेश मराठीत, मोठ्या टायपात, एका फाईलमध्ये लावून वाचनालयाच्या टेबलावर ठेवायला कितीसा खर्च येतो? माझ्या लेखी तेही ग्रंथनिवडीचंच काम आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. डॉलर महागला की यार्डात चेहरे खुलतात. हळद, बेदाणा बाहेर पाठवणाऱ्याला जादा रुपये मिळतात, त्यातले थोडे झिरपून शेतकऱ्याच्या पट्टीवरही, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीवरही, येतात. मग डिझेल वाढतं, खत वाढतं, खाद्यतेल वाढतं. हमालाची मजुरी मात्र तिथेच. ती वाढायला करार संपावा लागतो, बैठका व्हाव्या लागतात. रुपया पडल्याने झालेला फायदा नेमका कुणाच्या खिशातून आला, हा प्रश्न मला पट्ट्या लिहून लिहून पडायला लागला होता. त्याचं उत्तर एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे, आणि त्याचा फोटो तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहे.

डॉ. आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 साली लंडनला निघालं. रुपयाचा भाव इंग्रजी चलनात 16 पेन्स ठेवायचा की 18 पेन्स, यावर तेव्हा देशभर भांडण होतं आणि निर्यातदार, गिरणीवाले स्वस्त, म्हणजे 16 पेन्सच्या, रुपयाच्या बाजूचे होते. 1925 साली चलनाचा प्रश्न तपासणाऱ्या हिल्टन यंग कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. त्यांचं म्हणणं, माझ्या भाषेत सांगायचं तर, असं : रुपया स्वस्त झाल्यावर व्यापाऱ्याला होणारा फायदा परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या ताटातून येतो, कारण भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते. त्यांनी इतकं सरळ मांडलेलं आजच्या वर्तमानपत्रातल्या अर्थविषयक पानावरही मला क्वचित वाचायला मिळतं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून राज्यभर विद्यार्थी दिवस होतो. त्या दिवशी तुमच्याकडे प्रतिमापूजन होतं, त्यांच्या लेखनाच्या खंडांनाही हार घातला जातो. शासनाने काढलेल्या खंडांतला सहावा अर्थशास्त्राचा आहे. तो कुलपातून काढून त्यातली दहा पानं कुणाकडून तरी मराठीत समजावून घ्यायला तो दिवस काय वाईट आहे?

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. रोजगार हमी योजना सगळ्या देशाला माहीत आहे. 2005 साली तिचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने 1977 साली आपला कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच्याही आधी, 1960 च्या दशकात, या कल्पनेचा प्रयोग तासगाव तालुक्यात विसापूर भागात झाला होता. तो करणारे वि. स. पागे विसापूरचेच. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही गोष्ट सरकारी कागदावर उतरवताना पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर आला. आज सांगलीत पगारदाराच्या चिठ्ठीतून महिन्याला 200 रुपये कापले जातात, वर्षाला जास्तीत जास्त 2,500, त्या कराचं मूळ हे आहे. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसे द्यायचे, असा तो सौदा होता. किती नोकरदारांना हे ठाऊक आहे? मला पगारपत्रक लिहायला लागेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ज्या मातीत ही गोष्ट घडली तिथल्या वाचनालयांत तिच्यावर एक सबंध कप्पा असायला हवा होता. योजना कुठे फसली, हजेरीपटावर कोणकोणती नावं लागली, टीकाकार काय म्हणाले, ते सगळं त्यात यावं. नुसती आरती नको.

त्याच सुमारास, 1971 साली, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा. रोज 2,250 कॅलरी पोटात जायला किती खर्च लागतो यावरून त्यांनी गरिबी मोजली, आणि 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये हा आकडा काढला. आज दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून ग्रामसभेत भांडणारे आणि नाव लागलं म्हणून गप्प बसणारे, दोघेही या आकड्याच्या वारसांशीच झगडत असतात.

ठेवींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण जखम ताजी असलेली घरं तुमच्या सभासदांतच आहेत. मी कुठल्या संस्थेचं नाव घेत नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे पैसे मिळतात. त्याचा कायदा 1961 चा. ही मर्यादा 1993 पासून 1 लाख होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली. सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. हे शेवटचं तीन शब्दांचं वाक्य आपल्या तालुक्यांत आधी माहीत असतं, तर जादा व्याजाच्या पाटीकडे बघून पेन्शनची रक्कम उचलून नेणाऱ्या किती म्हाताऱ्यांनी दोनदा विचार केला असता. श्रीमंतीच्या पुस्तकांत चक्रवाढ व्याजावर प्रकरणं असतात, पण बँक आणि पतसंस्था यांतला फरक त्यांत मला कधी सापडला नाही. ती दुसऱ्या देशांतून अनुवाद होऊन आलेली, त्यांना आपल्या पतसंस्था काय माहीत!

आता तुमचे आक्षेप. ते मी ऐकलेले आहेत.

पहिला : “दिवाणजी, ही पुस्तकं कोण नेणार?” कुणी नेत नाही हे खरं आहे, मागची तारखेची चिठ्ठी कोरी असते. पण कपाटाला कुलूप, काचेवर ‘संदर्भ’ अशी पट्टी, आणि सभासदाने नाव सांगितल्यावरच ग्रंथपाल किल्ली शोधणार. जे दिसत नाही त्याचं नाव माणूस सांगणार कसा? हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, पण भाव आला की पेव उपसायचे. आपल्याकडे नुसतं पुरणं झालं आहे. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो तेव्हा अर्थकारणाची पुस्तकं टेबलावर काढा. कारखान्यांच्या आणि बँकांच्या वार्षिक सभा लागतात तेव्हा सहकारावरची काढा. निवडणुकीत राज्यघटना आणि पंचायत राज काढा. बघा नेतात का.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो : ही पुस्तकं वाचवत नाहीत. मराठीतली अर्थशास्त्राची बरीच पुस्तकं प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी लिहिली आहेत, आणि काही अनुवाद तर असे की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. असली पुस्तकं निव्वळ आकडा भरायला घेऊ नका. मधलं कुठलंही पान उघडून समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा. सचिवांना डुलकी लागली तर पुस्तक परत. पण चांगलंही आहे. अच्युत गोडबोल्यांचं ‘अर्थात’ आमच्या यार्डातल्या दहावी पास माणसाने वाचलेलं मी पाहिलं आहे. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’ नियतकालिकात महाराष्ट्राच्या शेती-सहकारावरचे लेख येतात. विश्वकोशाचं काम तर शेजारी वाईला उभं राहिलं, त्यातल्या नोंदी आता इंटरनेटवर फुकट आहेत, छापून फाईल केल्या तरी कपाट अर्धं भरेल.

आणि जुनं विसरू नका. मराठीत अर्थशास्त्रावर लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 साली आलं, म्हणजे या विषयाला आपल्या भाषेत पावणेदोनशे वर्षं झाली. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. त्याचं पहिलं वचन सगळे भाषणात म्हणतात आणि पुढे वाचत नाहीत. पुढे शेतसारा आहे, लोकल फंडाचा कर आहे, जंगल खात्याचा जाच आहे, आणि पाणी जिरवायला ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला अशी सूचना आहे. जत-आटपाडीच्या माणसाने ते प्रकरण वाचून बघावं. याच जिल्ह्यात बलवडीला 1980 च्या दशकात लोकांनी येरळेच्या वाळूच्या उत्पन्नातून बळीराजा धरण उभं केलं आणि पाणी समान वाटायचं ठरवलं. कासेगावात राहून समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीपासून पाण्यापर्यंत इतकं लिहिलं, ते किती वाचनालयांत आहे? त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ 1915 चा. बलुतं कसं चालायचं, वतनदार कुठे खायचा, याचा इतका बारीक हिशोब दुसरीकडे नाही. आत्रे महसूल खात्यातले होते, त्यामुळे काही जातींविषयी लिहिताना त्यांची नजर साहेबाची होते आणि ते वाचताना राग येतो. तरी घ्या. फुल्यांचे आणि आंबेडकरांचे शासकीय खंड तर इतके स्वस्त आहेत की तुमच्या सूट मोजण्याला अर्थच उरत नाही.

पत्री सरकारवर, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या इथल्या प्रतिसरकारवर, आपल्याकडे पुस्तकं आहेत, पण बहुतेक पोवाड्याच्या सुरातली. शेणोलीची गाडी लुटली, चिमठाण्याचा खजिना लुटला, हे यायलाच हवं. पण 1943 पासून तीनेक वर्षं या गावांतून एक सरकार चाललं, त्याने न्यायनिवाडे केले, सावकारांना आवरलं, तर त्याचा कारभार कसा होता, पैसा कसा जमायचा, कुणाला जाब द्यायचा, हे सांगणारं लिखाण शोधून आणा. कुंडलच्या वाचकाला तरी ते हवं असणार.

तिसरा आक्षेप तुम्ही मोठ्याने बोलत नाही : वाचनालयात राजकारण नको. तुमच्यापैकी काही जण कारखान्याच्या, सोसायटीच्या संचालक मंडळावरही असता. साखरेच्या राजकारणावरचं पुस्तक यादीत आलं की अवघड होतं, हे मी समजू शकतो. त्याला एक उपाय आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेजारी शेजारी ठेवा. गाडगीळ प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष, शेतकऱ्याने एकत्र येऊन कारखाना काढावा यावर त्यांचा भरवसा. जोशी साताऱ्यात जन्मलेले, परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ शेती करायला बसले आणि सरकारने शेतमालाच्या भावात हात घालू नये म्हणून आयुष्यभर भांडले, साखर कारखान्यांनाही त्यांनी सोडलं नाही. दोघांचं एकाच फळीवर भांडण लागू दे. वाचणारा आपला कौल देईल, आणि समितीवर कुणी बोट ठेवणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर मी मोठं काही मागत नाही. ग्रंथखरेदीच्या रकमेतला पाचवा हिस्सा या कपाटाला द्या, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या योजनेतून येणाऱ्या पुस्तकांत काय येतंय त्यावरही लक्ष ठेवा, शासनमान्य यादीतली शेवटची पानं उघडा. परिसरातल्या कारखान्यांचे, बँकांचे, बाजार समितीचे वार्षिक अहवाल दरवर्षी मागवून बांधून ठेवा. ते फुकट मिळतात, आणि दहा वर्षांचे ओळीने लावले की कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त बोलतात. ग्रंथपालांचे पगार किती तुटपुंजे आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून हे काम त्यांच्या एकट्यावर टाकू नका; समितीत एखादा निवृत्त लेखापरीक्षक किंवा अर्थशास्त्राची शिक्षिका घ्या. गौरवग्रंथांना वेगळं कपाट करा, म्हणजे 320 मध्ये जागा होईल.

माझ्याकडे पुस्तकांची एक यादी तयार आहे, किमतीसकट. ज्या समितीला हवी असेल तिने यार्डातल्या पेढीवर माणूस पाठवावा. सौदे उरकून पट्ट्या लिहून होईपर्यंत चार वाजतात, त्यानंतर मी मोकळा असतो. 31 मार्चच्या आठवड्यात मात्र येऊ नका, तेव्हा माझंही डोकं ठिकाणावर नसतं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सभासद आणि दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली